जुन्या वर्कस्टेशनकरितां रॅमची निवड

जुन्या दप्तरांच्या व पोथ्यांच्या प्रती आतां बहुतेक संग्राहकांच्या घरीं संगणकावर तयार होऊं लागल्या आहेत. ह्या कामासाठीं पुष्कळांनीं नवा संगणक न घेतां मोठ्या कचेऱ्यांतून निवृत्त झालेलें वर्कस्टेशन घेतलेलें आम्ही पाहतों, आणि तें योग्यच आहे. परंतु असें यंत्र घरीं आल्यावर त्यांत रॅम वाढवावी काय, वाढविल्यास किती व कोणती, हा प्रश्न लागलीच उभा राहतो. दुकानांत ह्याचें उत्तर मिळतें तें बहुधा संख्येंत मिळतें: आठाचे सोळा करा, सोळाचे बत्तीस करा. आमच्या मतें संख्या हा ह्या प्रश्नाचा दुसरा भाग आहे. पहिला भाग शुद्धतेचा आहे. मूळ कागदाची विश्वसनीय प्रत करणें हेंच ज्यांचें काम, त्यांनीं रॅम निवडतांना प्रथम प्रत शुद्ध राहील काय हें पाहावें, मग ती पुरेल काय हें पाहावें, आणि वेगाचा विचार सर्वांच्या शेवटीं करावा. हें मत सकारण मांडावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

नुसत्या ‘जुनें वर्कस्टेशन’ ह्या शब्दांनीं कांहींच निश्चित होत नाहीं. वेदाचें नांव सांगून शाखा न सांगण्यासारखेंच तें आहे. म्हणून येथें एकच यंत्र समोर ठेवून बोलतों. एचपी कंपनीचें झेड४२० हें वर्कस्टेशन सन २०१२ मध्यें बाजारांत आलें. त्यांत इंटेलचा झिऑन ई५ जातीचा एक प्रोसेसर, मदरबोर्डवर रॅमचे आठ स्लॉट, आणि रॅमची निर्मात्यानें सांगितलेली कमाल मर्यादा ६४ जीबी, अशी व्यवस्था आहे. ज्यांच्यापाशीं दुसरें यंत्र असेल त्यांनीं पुढील विवेचनांतील तत्त्व घ्यावें व आंकडे आपल्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेंतून घ्यावे.

रॅम व डिस्क ह्यांतील भेद पुष्कळांच्या मनांत स्पष्ट नसतो, आणि बाजारांत दोहोंनाही ‘मेमरी’ म्हणण्याची चाल असल्यामुळें तो आणखीच पुसट होतो. जुन्या पंतोजींच्या शाळेंत धूळपाटी असे. तिच्यावर अक्षरें काढावीं, पुसावीं, पुन्हां काढावीं, आणि हात बसला म्हणजे मग कागद हातीं घ्यावा. रॅम ही संगणकाची धूळपाटी होय व डिस्क हा त्याचा कागद. स्कॅनरमधून येणारें पान प्रथम धूळपाटीवर उतरतें. तें सरळ करणें, कातरणें, उजळ करणें हे सर्व संस्कार तेथेंच होतात. आणि ‘सेव्ह’ म्हटल्यावर तें डिस्कवर जातें. वीज गेली कीं धूळपाटी पुसली. आतां ह्यांतून निघणारी महत्त्वाची गोष्ट अशी कीं, आपल्या प्रतीचें प्रत्येक अक्षर डिस्कवर पोहोंचण्यापूर्वीं ह्या धूळपाटीवरून गेलेलें असतें. तेथें जो दोष शिरला तो कागदावर जसाच्या तसा उतरतो.

ही धूळपाटी किती नाजूक असते ह्याची कल्पना असावी. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड ह्यांस सन १९६८ मध्यें ज्या रचनेचें पेटंट मिळालें तेंच तत्त्व आजही चालू आहे: एका बिटासाठीं एक ट्रान्झिस्टर व एक कपॅसिटर. कपॅसिटरांत विद्युद्भार असला तर एक, नसला तर शून्य. हा भार सतत गळत असतो. म्हणून साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक बिट वाचून पुन्हां भरावा लागतो. इंटेलच्या सन १९७० मधील ११०३ ह्या चिपमध्यें १०२४ बिट होते. ८ जीबीच्या एका पट्टींत ते सहा हजार आठशें कोटींहून अधिक असतात. इतक्यांपैकीं एखादा केव्हां तरी उलटतो ह्यांत नवल नाहीं. इतके थोडे उलटतात हेंच नवल. सन १९७८-७९ च्या सुमारास इंटेलमधील टिमथी मे व मरे वुड्स ह्यांनीं असें दाखवून दिलें कीं, चिपच्या वेष्टनांत राहिलेल्या किरणोत्सर्गी द्रव्याच्या अत्यल्प अंशांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवूं शकतात. पुढें वैश्विक किरणांमुळेंही तसें होतें हें मान्य झालें. सन २००९ मध्यें टोराँटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर व गूगलमधील त्यांचे दोन सहकारी ह्यांनीं गूगलच्या यंत्रांतील रॅमचें प्रत्यक्ष निरीक्षण प्रसिद्ध केलें. त्यांत एका वर्षांत आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत त्रुटि आढळल्या. आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्याच निरीक्षणांतील आणखी दोन गोष्टी अधिक विचारणीय आहेत. एक, ज्या पट्टींत एकदां त्रुटि दिसली तिच्यांत ती पुन्हां दिसण्याचा संभव फार वाढतो. दुसरी, पट्टीचें वय वाढतें तसें त्रुटींचें प्रमाणही वाढतें. आपण घेतों तीं यंत्रें व पट्ट्या दहा-बारा वर्षें राबलेल्या असतात हें येथें विसरूं नये.

ह्या गोष्टी केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाच्या नाहींत. आमच्या परिचयाच्या एका संग्राहकांनीं आपल्या घराण्यांतील वतनाच्या तंट्याचा एक मोडी महजर, लांबी सुमारें दहा फूट, कसरीनें जागोजाग पोखरलेला, एकदांच उलगडून तुकड्यातुकड्यांनीं स्कॅन केला. उलगडतांनाच तळाच्या घड्या तुटल्या व तेवढ्या कागदाचा भुगा झाला. प्रत हातीं आहे ह्या समाधानांत कांहीं महिने गेले. पुढें वाचन सुरू झालें तेव्हां शेवटच्या तुकड्याच्या चित्राचा खालचा अर्धा भाग रंगीत पट्ट्यापट्ट्यांचा निघाला. नेमक्या त्याच भागांत साक्षी होत्या. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू ह्या निशाण्या होत्या. यंत्राची परीक्षा केली तेव्हां रॅमची एक पट्टी सदोष ठरली. ह्याच चित्राचा नाश तिनेंच केला असें न्यायसभेंत सिद्ध करतां येणार नाहीं. परंतु त्या तंट्यांत कोण कोण साक्षीस उभे होते हें आतां त्या कागदावरून कोणासही सांगतां येणार नाहीं, एवढें मात्र सिद्ध आहे.

तें चित्र जेपेग रूपांत होतें. जेपेगमध्यें चित्र दाबून लहान केलेलें असल्यामुळें पुढील भागाचें वाचन मागील भागावर अवलंबून राहतें, व एक बिट उलटला तर तेथून पुढचें सर्व बिघडूं शकतें. न दाबलेल्या टिफ चित्रांत तेवढा एक ठिपकाच बदलला असता. कांहीं सावध संग्राहक प्रत्येक चित्राचा शोधांक काढून ठेवितात, म्हणजे पुढें फरक पडल्यास कळेल असा त्यांचा भरंवसा असतो. पद्धति उत्तम आहे. पण चित्र धूळपाटीवर असतांनाच बिघडलें तर शोधांक बिघडलेल्या चित्राचाच निघतो. अशुद्ध प्रतीवर ‘शुद्ध’ असा शिक्का मारण्यासारखें तें होतें. तेव्हां धूळपाटीचीच राखण करणें भाग आहे.

ह्या संकटाचें स्वरूप आमच्या वाचकांस नवीन नाहीं. वेदपाठ मुखानें चालत आला, आणि मुखानें चालणाऱ्या पाठांत चूक शिरणारच हें जाणून वैदिकांनीं संहितेबरोबर पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन असे प्रकार योजिले. क्रमपाठांत एकच पद एकदां मागच्या पदाशीं जोडून व एकदां पुढच्या पदाशीं जोडून म्हटलें जातें. म्हणून एखादें पद सुटलें किंवा बदललें तर जोडी जमत नाहीं व चूक उघडी पडते. तात्पर्य, मजकुराहून थोडें अधिक साठवावें आणि त्या अधिकाच्या बळावर मजकुराची परीक्षा करावी. व्यवहारांत ह्यासच आपण ताळा पाहणें म्हणतों. जमाखर्चाच्या कोष्टकाची आडवी व उभी, दोन्ही बेरजा मांडल्या असतील तर जी आडवी चुकते व जी उभी चुकते त्यांच्या छेदांतील आंकडाच चुकीचा, हें कारकुनास ताबडतोब कळतें. आणि तो आंकडा काय असावा हेंही कळतें. चूक आहे एवढें कळणें निराळें व चूक कोठें आहे तें कळणें निराळें. दुसरें कळलें कीं दुरुस्ती हातची झाली.

बेल प्रयोगशाळेंतील रिचर्ड हॅमिंग ह्यांनीं सन १९५० मध्यें ह्या दुसऱ्या प्रकारच्या ताळ्याचें गणित प्रसिद्ध केलें. सुटीच्या दिवशीं माणूस नसतांना चालणारें यंत्र एखादी त्रुटि दिसली कीं हातचें काम टाकून देई. ज्या यंत्रास चूक झाली हें कळतें त्यास ती दुरुस्त कां करतां येऊं नये, असा त्यांचा साधा प्रश्न होता. त्या गणिताच्या आधारें आजची ईसीसी रॅम काम करिते. मजकुराच्या प्रत्येक ६४ बिटांमागें ताळ्याचे ८ बिट ती अधिक ठेवते, म्हणजे एकूण ७२. त्यांपैकीं एक बिट उलटला तर वाचतांवाचतांच तो दुरुस्त होतो. दोन उलटले तर दुरुस्त होत नाहीं, पण चूक झाल्याचें यंत्रास कळतें. साध्या रॅमला ह्यांतलें कांहींच कळत नाहीं. घरगुती संगणक बहुधा साध्या रॅमवर चालतात आणि झेड४२० सारखीं वर्कस्टेशनें ईसीसी रॅमवर चालतात. संग्राहकानें जुनें वर्कस्टेशन पसंत करावें ह्याचें आमच्या मतें सर्वांत मोठें कारण हेंच. आणि म्हणूनच त्या यंत्रांत साधी रॅम घालणें म्हणजे पालखी विकत घेऊन पायीं चालण्यासारखें आहे. मात्र यंत्रांत झिऑनऐवजीं कोअर आय७ जातीचा प्रोसेसर बसविलेला असेल तर ताळ्याची सोय मिळत नाहीं; घेण्यापूर्वीं प्रोसेसरचें नांव पाहून घ्यावें.

आतां बाजारांत समोर येणारी पट्टी कोणत्या जातीची आहे हें ओळखावयाचें कसें? पोथीच्या शेवटीं जशी पुष्पिका, तशी पट्टीवर एक कागदी चिठ्ठी असते, आणि ती वाचतां आली म्हणजे निम्मे काम झालें. समजा, चिठ्ठीवर ‘८जीबी २आरएक्स८ पीसी३-१२८००ई’ अशा अर्थाचीं रोमन अक्षरें आहेत. पहिला आंकडा आकाराचा. ‘२आर’ म्हणजे चिपांचे दोन संघ, आणि ‘एक्स८’ म्हणजे एक चिप एका वेळीं आठ बिट देते. ‘पीसी३’ म्हणजे डीडीआर३ पिढी, जिचें प्रमाण सन २००७ मध्यें ठरलें. १२८०० हा वेगाचा आंकडा: सेकंदास १६०० दशलक्ष वेळां, प्रत्येक वेळीं आठ बाइट, म्हणून १२,८०० मेगाबाइट. दुकानदार ज्यास ‘१६००ची रॅम’ म्हणतो ती हीच. ‘पीसी३’च्या पुढें ‘एल’ असेल तर ती पट्टी १.५ व्होल्टऐवजीं १.३५ व्होल्टवर चालणारी होय.

सर्व महत्त्व शेवटच्या एका अक्षराचें आहे. ‘यू’ असेल तर साधी पट्टी, ताळा नाहीं. ‘ई’ असेल तर ताळ्याची, म्हणजे ईसीसी, व अनबफर्ड. ‘आर’ असेल तर ताळा आहे, पण पट्टी रजिस्टर्ड, म्हणजे चिपा व प्रोसेसर ह्यांच्यामध्यें एक मध्यस्थ चिप बसविलेली. मोठमोठ्या सर्व्हरांत पुष्कळ पट्ट्या एकत्र लावावयाच्या असतात, तेथें हा मध्यस्थ उपयोगाचा. झेड४२० ला निर्मात्यानें सांगितलेली पट्टी ‘ई’ जातीची आहे. ‘आर’ जातीस त्याच्या कोष्टकांत स्थान नाहीं. ‘ई’ व ‘आर’ ह्या पट्ट्या एकाच यंत्रांत मिसळतां तर कधींच येत नाहींत.

बहुतेकांचे पैसे येथेंच बुडतात, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. निकामी केलेल्या सर्व्हरांतून निघालेल्या ‘आर’ पट्ट्या बाजारांत मुबलक व स्वस्त असतात. ‘ई’ पट्ट्या त्या मानानें दुर्मिळ व महाग. दोन्ही दिसावयास सारख्या, दोन्ही २४० पिनांच्या, दोन्हींची खांच एकाच जागीं, म्हणून ‘आर’ पट्टी ह्या यंत्राच्या स्लॉटांत अलगद बसते. विकणारा ‘ईसीसी आहे’ असें सांगतो व तें खोटेंही नसतें. शिवाय त्याच कंपनीचीं त्याच सुमाराचीं झेड६२० व झेड८२० हीं भावंडें रजिस्टर्ड पट्टी आनंदानें घेतात, त्यामुळें ‘एचपीच्या झेडमध्यें चालते’ हें वाक्यही अर्धसत्य म्हणून कानावर येतें. एकाच घराण्याच्या तीन शाखांचे पाठ एकमेकांत कालविण्याचा हा प्रकार आहे. तेव्हां चिठ्ठीवरील शेवटचें अक्षर पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत.

चिठ्ठी हें बाह्य प्रमाण होय, व तें बदललेलें असूं शकतें. पट्टी हातांत घेऊन चिपा मोजाव्या. ‘एक्स८’ जातीच्या साध्या पट्टीवर एका बाजूस आठ चिपा असतात; ताळ्याच्या पट्टीवर नऊ. नववी चिप हीच ताळ्याची. मधोमध वेगळ्या आकाराची एक मोठी चिप दिसली तर पट्टी रजिस्टर्ड समजावी. ह्याहून खात्रीचें अंतःप्रमाण म्हणजे पट्टीवरच असलेल्या एका लहानशा चिपमधील नोंद. तींत निर्माता, आकार, जात व वेग लिहिलेले असतात. पट्टी यंत्रांत बसवून सीपीयू-झेड हा विनामूल्य प्रोग्रॅम उघडला कीं ही नोंद वाचतां येते. विकणाऱ्यानेंच ती दाखवावी असा आग्रह धरण्यास हरकत नाहीं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत काय, गिऱ्हाइकास काय पाहावयाचें तें ठाऊक आहे असें दिसलें म्हणजे बोलणें लवकर आटोपतें, असा आमचा अनुभव आहे.

पट्टी किती मोठी घ्यावी हा प्रश्न आतां घेऊं. ह्याचें उत्तर यंत्रांत नाहीं, आपल्या संग्रहांत आहे. बारा इंच लांब व पांच इंच रुंद अशा पोथीचें एक पान दर इंचास ६०० ठिपक्यांनीं, चोवीस बिट रंगांत स्कॅन केलें तर ७२०० गुणिले ३००० ठिपके, प्रत्येकास तीन बाइट, म्हणजे सुमारें ६५ मेगाबाइट होतात. ए४ आकाराचा एक कागद त्याच मापानें सुमारें १०४ मेगाबाइट होतो. अशीं पानें एकामागून एक हाताळणाऱ्यास १६ जीबी पुरेशी आहे. जो पोथ्यांपलीकडे जात नाहीं त्यानें अधिकाच्या मागें लागूं नये. मोडी बंदांची गोष्ट निराळी. आठ इंच रुंद व दहा फूट लांब असा बंद ६०० ठिपक्यांनीं घेतला तर ४८०० गुणिले ७२,००० ठिपके, म्हणजे एकट्या चित्रासच एक जीबीहून अधिक जागा लागते. (असें चित्र जेपेगमध्यें सांठवितांच येत नाहीं, कारण त्या रूपाची कमाल लांबी ६५,५३५ ठिपके आहे; हें पुष्कळांस बंद जोडून झाल्यावर कळतें.) रंगांची खोली दुप्पट ठेवली तर दोन जीबी. त्यांत तुकडे एकावर एक चढवून जोडतांना प्रत्येक तुकड्याचा थर निराळा राहतो, व केलेली क्रिया मागें घेतां यावी म्हणून प्रोग्रॅम पूर्वस्थितिही जपून ठेवितो. पाहतां पाहतां आठ-दहा जीबी खर्ची पडते. बंद, नकाशे व कुंडल्यांच्या लांब पट्टिका ज्यांच्या संग्रहांत आहेत त्यांनीं ३२ जीबी घ्यावी. ६४ जीबीची गरज आम्हांस तरी अशा कामांत क्वचितच दिसली.

रॅम अपुरी पडली म्हणजे यंत्र थांबत नाहीं. तें डिस्कचा कांहीं भाग धूळपाटी म्हणून वापरूं लागतें, आणि तेथेंच सर्व गति जाते. रॅममधील एखादी जागा गांठण्यास सेकंदाचा सुमारें एक कोट्यंश लागतो. फिरत्या हार्ड डिस्कला त्याच कामास सुमारें एक शतांश लागतो. हा फरक लाखपटीचा आहे. परंतु यंत्र मंद आहे म्हणजे रॅमच अपुरी आहे असेंही मानूं नये. आपलें सर्वांत जड काम चालूं असतांना टास्क मॅनेजर उघडून रॅम किती भरली आहे तें पाहावें. ती निम्मीही भरत नसेल आणि तरी यंत्र रखडत असेल, तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा असतो. तेथें पैसा एसएसडीवर खर्च करावा. विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीपलीकडील रॅम व्यर्थ जाते, आणि विंडोज ७ होम प्रीमियमची मर्यादा १६ जीबी आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला व विंडोज ११ च्या मान्य प्रोसेसरांत हीं जुनीं झिऑन नाहींत. म्हणून आमच्या ओळखीचे कांहीं संग्राहक लिनक्सवर गेले आहेत व त्यांचें कांहीं अडलेलें नाहीं.

वेगाविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण त्याचें महत्त्व थोडेंच आहे. झेड४२० च्या प्रोसेसरास रॅमकडे जाणारे चार मार्ग आहेत. चारही मार्गांवर सारख्या पट्ट्या असतील तर तो चारही एकदम वापरतो. म्हणून ३२ जीबी हवी असल्यास ८ जीबीच्या चार सारख्या पट्ट्या घ्याव्या, १६ जीबी हवी असल्यास ४ च्या चार. ८ च्या चार घेतल्यास उरलेले चार स्लॉट पुढील काळासाठीं मोकळे राहतात, हा दुसरा लाभ. सर्व यंत्रांस चारच मार्ग असतात असें मात्र नाहीं. डेल कंपनीच्या सन २००९ मधील प्रिसिजन टी३५०० ला तीन मार्ग व सहा स्लॉट आहेत, तेथें तीन किंवा सहा पट्ट्या शोभतात. निरनिराळ्या वेगांच्या पट्ट्या मिसळल्यास सर्व सर्वांत मंद पट्टीच्या चालीनें चालतात. १६०० ऐवजीं १३३३ ची ‘ई’ पट्टी स्वस्त मिळाली तर ती आनंदानें घ्यावी. पानें उजळण्याच्या कामांत तो फरक डोळ्यांस दिसणार नाहीं. सन २०२५ च्या उत्तरार्धांत नव्या पिढ्यांच्या रॅमचे भाव फार चढले, आणि नवा संगणक घेण्याचा विचार पुष्कळांनीं पुढें ढकलला. जुन्या यंत्राची नीट व्यवस्था लावण्यास हें एक व्यावहारिक कारणही आहे. डीडीआर४ ची पट्टी कितीही चांगली मिळाली तरी ती येथें चालणार नाहीं. तिला २८८ पिना असतात व खांच दुसऱ्या जागीं असते.

पट्ट्या बसविण्यास कोणा कारागिराची गरज नाहीं. यंत्र बंद करून विजेची तार काढावी व सुरू करण्याची कळ एकदां दाबून आंतील उरलेली वीज जाऊं द्यावी. थंडीच्या कोरड्या दिवसांत अंगावरील विजेचा एक कणही चिपेस घातक होतो, म्हणून पेटीच्या उघड्या धातूस हात लावूनच पट्टी उचलावी, व तीही कडेला धरून, ताडपत्राचें पान धरतात तशी. कोणत्या स्लॉटांत प्रथम बसवावयाची हा क्रम माहितीपुस्तिकेंत दिलेला असतो, तो पाळावा. खांच जुळवून दोन्ही टोकें सारखीं दाबावीं. कडेचे चिमटे आपोआप मिटतात. यंत्र सुरू होतांना तांबडा दिवा पांच वेळां लुकलुकला व पांच वेळां बीप वाजली तर त्या कंपनीच्या संकेतानुसार तक्रार रॅमची आहे. पट्टी पुन्हां काढून बसवावी. तरीही तक्रार राहिली तर एकेक पट्टी निराळी लावून पाहावी.

यंत्र सुरळीत सुरू झालें एवढ्यानें पट्टी निर्दोष ठरत नाहीं. मेमटेस्ट८६+ हा विनामूल्य प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून यंत्र सुरू करावें व रात्रभर चालूं द्यावें. सकाळीं एक जरी त्रुटि दाखविली तरी पट्टी परत करावी. ‘एकच तर आहे’ ह्या समजुतीला येथें जागा नाहीं. परत करण्याची मुदत दुकानदाराकडून आधींच लिहून घेतलेली असावी. ताळा प्रत्यक्ष चालूं आहे काय हेंही पाहतां येतें: लिनक्सवर डीएमआयडीकोड हा आदेश दिला असतां प्रत्येक पट्टीपुढें एकूण रुंदी ७२ व मजकुराची रुंदी ६४ असे दोन आंकडे दिसले पाहिजेत. दोन्ही ६४ असतील तर ताळा नाहीं; आठांपैकीं एखादी ‘यू’ पट्टी जुन्या मालकानें आंत ठेवलेली असण्याचा संभव अशा वेळीं प्रथम तपासावा. परीक्षेची तारीख, पट्ट्यांचे क्रमांक व कोणती पट्टी कोणत्या स्लॉटांत आहे ह्याची नोंद संग्रहाच्या दाखल-वहींतच करावी, म्हणजे अमुक तारखेपासूनच्या प्रती अमुक रॅमवर झाल्या हें पुढील अभ्यासकास कळेल. काढलेल्या जुन्या पट्ट्या चांगल्या असतील तर त्या फेंकूं नयेत. वीजरोधक पिशवींत घालून, चिठ्ठी लावून ठेवाव्या. नव्या पट्टीविषयीं संशय आला म्हणजे तुलनेसाठीं त्याच कामीं येतात.